किमयाच्या गिटारीची आखणी

पहिली आली ती रशिदा. पोरगा अजून गाडी लावत होता, तोवर ही चप्पल काढून घरात, आणि माझ्या एका हातात फणी नि दुसऱ्या हातात अंबाडा. पण थांब गो मालू, आधी आशीर्वाद लिहायचे राहिले, नाहीतर म्हणशील थोरली बहीण रीतभात विसरली. तुला, गणेशरावांना आणि सूनबाईला पुष्कळ आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? तेल लावतेस की नुसती बाटलीकडे बघतेस? मी ठणठणीत. साखर वाढली म्हणून किमयाने माझा चहा बिनसाखरेचा केला आहे, पण मूर्तींच्या कारखान्यातल्या पोरांचा चहा गोडच येतो, त्यामुळे माझं भागतं.

फोन न करता पत्र लिहितेय, कारण आपल्या घरात फोन एक आणि कान चार जणांचे. जितेशचा टेम्पो मूर्ती घेऊन रोह्याला निघालाय, त्याच्या हाती देते. पाकीट भाताच्या शितांनी चिकटवलंय. उघडं मिळालं तर त्याने वाचलं असं समज आणि त्याला पाणीसुद्धा विचारू नकोस.

तर रशिदा. तुझ्या घरामागची, अय्यूबची बायको. (अय्यूब कतारहून कधी येणार ते मी विचारलं नाही, तिनेच तीनदा सांगितलं.) तिचा जुहेब बँडमध्ये वाजवतो. तो मुंबईच्या दुकानातून तयार गिटार आणणार होता. तू मध्ये पडलीस, माझ्या बहिणीची नात पेणला गिटारी बनवते म्हणालीस, म्हणून आमच्या पोरीला पहिलं काम मिळालं. आजवर तिने स्वतःसाठी केल्या, मोडल्या, परत केल्या. परक्यासाठी ही पहिली. जुहेबला पटली तर त्याचे दोन दोस्तही हिच्याकडूनच घेणार. नाही पटली तर किमया जन्मभर डोलवीच्या कंपनीत शिफ्टमध्ये गेटपास छापत बसणार, आणि प्रविण तर टपलेलाच आहे, की आता हे लाकूडकाम पुरे, स्थळं बघू. बापाला मुलीच्या हातातली पटाशी दिसत नाही, रिकामं मनगट दिसतं.

गिटार विजेवरची. म्हणजे आत पोकळ नाही, पोटच नाही तिला. फणसाच्या लाकडाची, पाटासारखी भरीव, दोन वाट्या ठेवून जेवायला बसावं अशी. रंग आपल्या मूर्ती रंगवायच्या गननेच मारलाय, पितांबराचा पिवळा. तारा वरच्या खुंट्यांपासून निघतात आणि खाली एका लोखंडी पट्टीत अडकतात. त्या पट्टीला किमया टेलपीस म्हणते, मी शेपटी म्हणते. शेपटीच्या जरा अलीकडे घोडी, जिच्यावर तारा टेकतात. आपल्या बाबाजींच्या तंबोऱ्याला होती ना, तशीच, पण लोखंडाची आणि दोन खुंटांवर उभी.

मंगळवारी किमया शिफ्टला गेलेली. गिटार कारखान्यात टेबलावर, शेपटी माझ्याकडे करून निजलेली. भोकं कुठे पाडायची त्याच्या पेन्सिलीच्या खुणा तिने करून ठेवलेल्या. बघते तर शेपटीच्या दोन खुणा एका ओळीत, आणि घोडीच्या दोन तिरक्या! एक पुढे, एक मागे. आता तूच सांग, मी उभं आयुष्य गणपतीचे डोळे आखले. एक डोळा तांदळाएवढा खाली उतरला तर गिऱ्हाईक मूर्ती उचलत नाही, म्हणतं देव रागावलाय. म्हटलं पोरगी दमून येते, हात हलला असेल. खुणा पुसल्या, दोरा ताणून धरला आणि दोन्ही एका सुतात आणल्या. शिवाय शेपटी आणि घोडी फार लांब वाटत होत्या. शेपटी म्हणजे भुवई, घोडी म्हणजे डोळा, असं धरलं आणि भुवईखाली डोळा जिथे शोभतो तिथे घोडी सरकवली. इतकं प्रसन्न दिसायला लागलं म्हणून सांगू! संध्याकाळी प्रविणने त्याच खुणांवर भोकं पाडली, खुंट ठोकले. मी कोणाला बोलले नाही. घरच्या माणसांना उपकार सांगत बसू नये.

दुसऱ्या दिवशी रशिदा आत आली तेव्हा किमया घाईघाईने तारा चढवत होती. मोकळ्या तारा लावल्या, छान बोलल्या. जुहेबने मांडीवर घेतली, खाली खाली वाजवलं, ठीक. मग बोटं वर चढवली आणि मालू, भजनात दमलेला माणूस कसा पट्टी सोडून खाली घसरतो, तसं झालं. पोरगा सभ्य, म्हणाला, “आवाज मस्त हाय... पण वर जरा...” रशिदा सभ्य नाही. “जरा काय? ही गाते का रडते?”

किमयाने टेप काढली. गिटारीच्या गळ्यावर आडव्या पट्ट्या असतात, त्यातली एक मधली. तारेच्या वरच्या टोकापासून त्या पट्टीपर्यंत जेवढं अंतर, तेवढंच तिथून घोडीपर्यंत हवं, केसभर जास्त. मोजलं आणि माझ्याकडे बघितलं. हल्ली घरात काही झालं की आधी माझ्याकडे बघतात.

“आजी, खुणा कोणी हलवल्या?”

“हलवल्या नाय, सुधारल्या. तिरक्या होत्या.”

“तिरक्याच असतात!”

मग कळलं. जाड तार दाबली की सूर जास्त चढतो, म्हणून तिला जरा जास्त लांबी देतात. जाड बाईला बाकावर जास्त जागा, तसंच. तेवढं मला मंगळवारी सांगितलं असतं तर! पण आजीला कोण सांगतं? प्रविण म्हणाला, झालं, मोडीत काढा. किमयाचे डोळे भरले, पण पाणी पडू दिलं नाही. तेव्हा रशिदाच म्हणाली, “पोरीनं आखलेलं बरोबर होतं ना? मग परत आख. आम्ही येतो परत. नायच जमलं तर मुंबई कुठं पळून जात नाय.” (बघ, एका वाक्यात साखर आणि मिरची.)

मी म्हटलं, जुन्या भोकांत लाकडाच्या खुंट्या मारा, वरचे गोल डाग मी झाकते, तिथे दोन असे डोळे काढते की बघत राहाल. रशिदा लगेच, “काकी, डोळे नको हां. आमच्याकडे चेहरे-डोळे लावत नाय घरात.” म्हटलं, मग पानं? “पानं काढा, वेल काढा, हवं तर अख्खी वाडी काढा.”

किमयाने घोडी तिरकी, तिच्या जागी बसवली. वाजवली तेव्हा सूर वरपर्यंत गेला आणि एकदाही न लंगडता खाली आला. प्रविण टेम्पो भरत होता, तो मूर्ती हातात धरून तसाच उभा राहिला. मी पानं काढली. डोळ्याला देठ काढला की पान होतं, उभ्या जन्मात हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

सर्वांना आठवण.

तुझी ताई,
हौसा

ता. क. एका पानात बुबुळ पडलं. मी मुद्दाम नाही केलं गो, हाताला सवय. किमयाने न बघता वरून चकाकीचा हात मारला, आता ते पुसता येत नाही. डोळा मात्र असा उतरलाय की मी चुलीकडे गेले तरी माझ्याकडेच बघतो. सूर पक्का आहे, जुहेब ऐकत बसेल, पण रशिदा बघत बसेल.

ता. क. दुसरं. किमया म्हणते शेपटीला घोडीइतकी कडक जागा लागत नाही, थोडी मागेपुढे चालते. शेपटी दोन बोटं पुढे घेतली तर डोळा बरोबर झाकतो. मी अजून काही केलेलं नाही. पेन्सिल फक्त शोधून ठेवली आहे. म्हणून म्हणते, पत्र मिळताच प्रविणला फोन करून सांग की तुझा गुडघा फार दुखतोय आणि ताईला ताबडतोब पाठव. बरा असला तरी दुखू दे. रशिदा आणि जुहेब रविवारी येतो म्हणालेत.