गुरुवारी मयादाच्या घरी आमच्यासोबत येण्याबाबत

प्रति,
मा. मुख्याध्यापिका सनिया अब्दुल-गव्वाद,
प्राथमिक शाळा (सकाळपाळी),
कालव्याकाठ, नबरूह

विषय : माझी बहीण नवारा शिहाता (इयत्ता तिसरी) हिच्याशी वर्गात कोणीही बोलत नसल्याबाबत.
संदर्भ : माझाच २० फेब्रुवारीचा अर्ज. तो आपण मंजूर केलात, तिथूनच पुढचं सगळं घडलं.

महोदया,

१. मी हनादी शिहाता, याच इमारतीत दुपारपाळीला नववीत शिकते. यंदा दुपारपाळीच्या रांगेपुढे मायक्रोफोनवर बातम्या वाचायला मला निवडलं, तेव्हापासून मी कोणाशीही बोलायला घाबरत नाही, हे नम्रपणे नमूद करते.

२. आपणास माहीतच आहे की आमच्या बाबांचं फसीखचं, म्हणजे खारवून मुरवलेल्या, लिंबू-कांद्यासोबत खायच्या उग्र वासाच्या माशाचं दुकान आहे. त्यावरून मुली नवाराला पाहून नाक धरत. तिच्याच बाकावर बसणारी मयादा तिच्या जागेवर अर्धं लिंबू ठेवून म्हणे, "आली गं फसीख. कांदा कोण चिरतंय?" वास्तविक वसंताच्या सणाला मयादाचीच आजी आमच्या दुकानात सगळ्यांच्या पुढे घुसते आणि म्हणते, "शिहाताभाऊ, गाभोळीवाला दे, मागल्या वर्षी फसवलंस."

३. म्हणून मी पहिला अर्ज केला आणि जाहीर माफीची मागणी केली. आपण मयादाला सकाळच्या रांगेपुढे बोलावलंत आणि नवाराच्या डोक्याचं चुंबन घ्यायला लावलंत. मी फाटकाच्या गजांमधून पाहत होते. टाळ्या मीच सुरू केल्या. आपण अर्जावर शेरा लिहिलात, "समेट झाला, प्रकरण मिटले."

४. आता लिंबू कोणी ठेवत नाही. बाकावर तिघी बसतात, पण दोघी एका टोकाला दाटीवाटीनं आणि नवारा दुसऱ्या टोकाला. मधल्या सुट्टीत ती नळापाशी उभी असते. डबा भरलेला परत आणते. मी विचारलं तर म्हणाली, "एकटीनं खाल्लं की चावण्याचा आवाज येतो." मी म्हटलं, अगं, आता कोणी चिडवत तरी नाही ना. त्यावर ती म्हणाली, "चिडवायच्या तेव्हा माझ्याकडे बघायच्या, हनादी."
म्हणून हा दुसरा अर्ज.

५. चूक माझी आहे, आणि हे मी कोणीही न सांगता लिहीत आहे. आपल्याकडे डोक्याचं चुंबन सगळ्यात शेवटी असतं. आधी वडीलधाऱ्यांनी घरी जायचं, चहा व्हायचा, ज्याच्या मनात जे असेल ते त्यानं बोलून टाकायचं. मी शेवटचंच आधी मागितलं, तेही साऱ्या शाळेसमोर, कारण मला ते बघायचं होतं. मयादा त्या दिवशी रडत घरी गेली. तिच्या आईनं तिला आणि बाकी आयांनी आपापल्या मुलींना बजावलं, "त्या अर्जवालीच्या बहिणीजवळ फिरकायचं नाही."

६. बाबांना विचारलं. ते म्हणाले, "मी गेलो तर दारातच त्यांना लिंबू आठवेल, बाळ." म्हणाले हसत, पण मग बराच वेळ मासे कापायची फळी धुवत राहिले. आई म्हणते, गावात मान असलेलं वडीलधारं माणूस सोबत नसेल तर आपल्याला कोण आत घेणार? तरी विनंती की गुरुवारी माझी दुपारपाळी सुटल्यावर आपण आई, नवारा व मी अशा तिघींसोबत मयादाच्या घरी यावं. माफी आम्ही मागायला जात नाही आणि घ्यायलाही नाही. फक्त चहा घ्यायचा आहे. तिथे मी एक शब्द बोलणार नाही. हे मला अवघड आहे, पण मी लिहून देत आहे.

७. हा अर्ज कृपया रांगेपुढे वाचू नये. लेखी उत्तरही देऊ नये, कारण चिठ्ठी न्यायला आपण नवाराला वर्गासमोर उभं कराल. मी रोज साडेबाराला दुपारपाळीसाठी फाटकाशी येते. आपण बाहेर पडताना नुसती मान हलवलीत तरी मला कळेल.

आपल्या शाळेची जुनी व या घडीला गप्प असलेली विद्यार्थिनी,
हनादी शिहाता
१८ मार्च

सोबत : काही नाही. मागच्या वेळी अर्ध्या लिंबाचं चित्र जोडलं होतं, ते कृपया फाडून टाकावं.