गोड बाहुल्या हसल्या नाहीत

काळाचौकी,
११ मार्च २०२५

ती. मालनआत्यास,
मनवाचा सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नकोस. घरी सगळे ठीक आहेत, बिघडलेय ती मी एकटीच, असं बाबांचं म्हणणं आहे. माझा फोन स्वप्नीलने भावाच्या हक्काने काढून घेतलाय, आणि तू टेलिफोन खात्यात जन्मभर लोकांचे कॉल जोडून इतकी विटलीस की घरात फोनच ठेवला नाहीस. तेव्हा आपल्या दोघींना पोस्टमनशिवाय वाली नाही. तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ठाकूरद्वारला यायचं मनात होतं, पण सध्या कॉलेज आणि घर एवढीच परवानगी आहे. विसाव्या वर्षी!

आठ मार्चला मंडळाचा महिला दिन झाला. नेहमीप्रमाणे स्टेजवर पुरुष, खाली बायका आणि शेवटी आम्ही सात जणींनी बसवलेला, आमच्या आवडत्या कोरियन गाणाऱ्या मुलींचा नाच. गेल्या वर्षी गुलाबी फ्रॉक घालून, गालाला बोटं लावून, डोळे मिचकावत नाचलो तेव्हा चाळ नुसती विरघळली होती. त्या आठवणीवर धनेशदादाने (तोच आता मंडळाचा अध्यक्ष) यंदा बॅनरवर छापलं, ‘काळाचौकीच्या गोड बाहुल्या’. आम्ही आलो त्या मुलींच्या नव्या व्हिडिओतल्यासारख्या काळ्या पँटी आणि भावांचे काळे शर्ट घालून. नाच चोख केला, पण एकदाही हसलो नाही. टाळ्या पडल्या नाहीत. कुणीतरी व्हिडिओ टाकला, आणि त्याखाली लोकांनी जे लिहिलंय ते मला इथे लिहवत नाही.

आता कमिटीला माफी हवीय. मंडळाच्या फळ्यावर पाण्याच्या वेळा, निधनाच्या बातम्या, अभिनंदनं मीच लिहिते हे तुला माहीत आहे. तर तेविसाच्या रविवारी त्याच फळ्यावर, माझ्याच सुंदर अक्षरात, मी माफी लिहायची. नाही लिहिली तर व्यायामशाळेतली आमच्या नाचाच्या तालमीची खोली बंद. आत्या, आम्हाला दुसरी जागा नाही. आई म्हणते, दोन ओळी खरडून टाक आणि मिटव. मी काय करू ते कळव. तुझ्या उत्तराची आणि मायेची वाट बघतेय.

तुझी,
मनवा


ठाकूरद्वार,
१४ मार्च २०२५

चि. मनवास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसू आलं, मग डोकं तापलं. पण तापायचं तर नीट माहिती घेऊन, म्हणून शेजारच्या मानसीला बोलावलं आणि तिच्या फोनवर तुझ्या त्या कोरियन पोरी पाहिल्या. जुन्या व्हिडिओत पोरी आहेत की केकवर ठेवायच्या बाहुल्या, तेच कळेना. नव्या व्हिडिओत त्याच पोरी केस कापून, जाडजूड काळे बूट घालून, डोळे वटारून उभ्या. मानसी म्हणाली, त्या आता स्त्रीवादी झाल्या. मी विचारलं, ते बूट कुणी घेऊन दिले? तर म्हणे कंपनीने.

मग मला सांग, काल ज्या दुकानात लाजणं विकत होते तिथेच आज राग विकायला ठेवला असेल, तर त्यात तुझं काय? धनेशला बाहुल्या हव्यात, त्या कंपनीला वाघिणी. तुला काय हवंय ते कुणी विचारलंय का? त्या पोरींची नक्कल करण्यापायी खोली घालवत असशील तर आईचं ऐक. स्वतःच्या रागापायी घालवत असशील तर तो राग मला सविस्तर लिही.

आणि महिला दिनाला बायकांना वाटलं काय, साडी की डबा? वहिनीला नमस्कार, आणि स्वप्नीलला सांग, त्याचा कान धरायला मला गुडघा लागत नाही.

तुझ्यावर लोभ असलेली आणि म्हणूनच बोलणारी,
मालनआत्या


काळाचौकी,
१७ मार्च २०२५

ती. मालनआत्यास,
मनवाचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून तुझा राग आला होता, तो आता गेलाय. डबा वाटला. स्टीलचा. झाकणावर धनेशदादाचा फोटो.

दुकानाचं तू म्हणतेस ते खरं आहे. पण त्यांच्यातली आमची लाडकी सो-रिन वेगळी आहे. अगदी लहान वयापासून ती गालाला बोटं लावत होती. एकदा चाहत्यांशी लाईव्ह बोलताना कुणीतरी विचारलं की सध्या काय वाचतेस. तिने बायकांच्या हक्कांवरच्या एका पुस्तकाचं नाव सांगितलं. बस्स! तिच्यावर जीव टाकणाऱ्यांनीच तिचे फोटो कात्रीने कापले, आणि कापतानाचे व्हिडिओ टाकले. पुस्तक वाचलं म्हणून! कंपनीने तिच्याकडून माफी लिहून घेतली, तीही हाताने, तिकडे तशी पद्धतच आहे. ती लिपी मला येत नाही, पण अक्षर इतकं सुबक, कुठे खाडाखोड नाही, की पाहून माझं अंग जळलं. कुणीतरी मागे उभं राहून पुन्हा पुन्हा लिहायला लावलं असणार. पुढे तिने ती कंपनी सोडली, केस कापले, गाणं स्वतः लिहिलं. बाकीच्यांचे बूट कंपनीचे असतील, तिचे तिचेच आहेत.

आता माझा राग. गेल्या वर्षीच्या त्या गोड नाचानंतर धनेशदादाची मंडळातली पोरं वर्षभर जिन्यात आमची वाट अडवून उभी राहायची, गालाला तशीच बोटं लावून. हसून दाखव, मग जा. मी हसायचे आणि जायचे. स्वप्नीलला सांगितलं तर म्हणाला, कौतुक करतायत. यंदा हसले नाही, तर त्यानेच फोन काढून घेतला. हसले तरी चूक माझीच, नाही हसले तरी माझीच. आणि वर माफी मी मागायची!

जिन्याचं आईला माहीत नाही. कसं सांगू?

माया आहे ती आटू देऊ नकोस.

तुझी,
मनवा


ठाकूरद्वार,
२० मार्च २०२५

चि. मनवास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

जिन्याचं वाचून जेवण गेलं नाही. आधी आईला सांग. आजच.

आमचा सुपरवायझर मागे खुर्ची टाकून, कानाला हेडफोन लावून आमचं बोलणं ऐकायचा. आवाजात हसू ठेवा, असा त्याचा हुकूम. तुझी आजी गेली, तेरावं करून मी कामावर गेले, आणि त्याच दिवशी आवाज कोरडा येतो म्हणून मला मेमो मिळाला. मी उत्तरात लिहिलं, नंबर बरोबर जोडले जात आहेत. त्यावर दुसरा मेमो आला! तो माणूस निवृत्त झाला तेव्हा आम्ही वर्गणी काढून त्याला हार घातला, आणि तेव्हाही हसलो. अजून चीड येते.

फळ्यावर काय लिहायचं ते तुझं तू ठरव, फक्त धनेशने सांगितलेलं नको. खोली गेली तर आमच्या चाळीची गच्ची आहे. सेक्रेटरी कुरकुर करेल, पण तो मला घाबरतो. आईवर चिडू नकोस. गप्प बसूनच तिचे दिवस निघाले आहेत, तिला दुसरं काही करून बघायची सवय नाही.

लोभ आहेच, या खेपेला थोडा जास्त.

मालनआत्या


काळाचौकी,
२४ मार्च २०२५

ती. मालनआत्यास,
मनवाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र शनिवारी मिळालं आणि त्याच दिवशी आईला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत राहिली. मला फार वाईट वाटलं.

रविवारी संध्याकाळी नळावर गर्दी असताना मी खडू घेऊन फळ्याशी उभी राहिले. वर पाण्याची वेळ लिहिली, कारण ती लोकांना लागते. मधे ‘महिला दिन यशस्वी केल्याबद्दल अध्यक्षांचे हार्दिक अभिनंदन’ आधीपासून होतं, माझ्याच अक्षरातलं. त्याखाली लिहिलं: ‘आठ मार्चला आम्ही सात जणी हसलो नाही, कारण आम्हाला हसू आलं नव्हतं. जिन्यात वाट अडवून आम्हाला हसायला लावणाऱ्यांना माफी मागायची असेल, तर खाली जागा सोडली आहे.’ मग सातही जणींची नावं.

धनेशदादा आला, वाचलं, कानापर्यंत लाल झाला. बायका हंडे खाली ठेवून बघत होत्या, तेव्हा स्वतः पुसायची त्याची छाती झाली नाही. त्याने आईला बोलावलं, ओला फडका तिच्या हातात दिला आणि गोड आवाजात म्हणाला, काकी, तुम्हीच पुसून टाका, घरातलं घरात मिटेल. स्वप्नील खाली मान घालून उभा. आईने फडका घेतला. मी दुसरीकडे बघायला लागले.

आत्या, आईने अभिनंदन पुसलं. सावकाश, कोपऱ्यापर्यंत. मग नळाखाली फडका धुतला, पिळला, आणि धनेशदादाच्या हातात परत देऊन म्हणाली की खाली जागा सोडली आहे, तेवढं तुमच्या पोरांना सांगा. घरी येऊन मला म्हणाली, चहा टाक.

खोलीला आज सकाळीच कुलूप लागलं. फोन अजून मिळालेला नाही. शनिवारी आम्ही सात जणी तुझ्या गच्चीवर येतोय, आई सोडायला येणार आहे. सात जणींना पुरेल एवढा लोभ शिल्लक ठेव.

तुझी,
मनवा

ता. क. पत्र काल टाकायचं राहिलं. आज मंगळवार. पाण्याची वेळ बदलायला फळ्याशी गेले होते. खालची जागा अजून मोकळी आहे.