टाकीभर साधं पेट्रोल

नारायण पेठ, पुणे
१४ नोव्हेंबर २०२२

ति. दादास,
मालूचा शि. सा. न. वि. वि.

वहिनीचा गुडघा वाईच्या थंडीत काय म्हणतोय ते कळव. तुझं कानाचं यंत्र दुरुस्त होऊन आलं असेल तर ते कानात घाल, कपाटात नको. फोनवर तुझ्याशी बोलायचं म्हणजे घरातल्या गोष्टी अख्ख्या पेठेला ऐकवायच्या, म्हणून हे पत्र.

केदारने गाडी घेतली हे त्याने, तुझ्या लाडक्या भाच्याने, तुला मोठ्या हौसेने कळवलं असेलच. जे कळवलं नसेल ते मी कळवते. गाडी निळी आहे, बेंगळुरूहून वापरलेली आणली आहे आणि तिला टर्बो की काय ते आहे. ती सुरू झाली की समोरच्या जोगळेकरांच्या खिडक्या थरथरतात आणि जोगळेकर गॅलरीत येऊन माझ्याकडे असे बघतात, जणू मीच गुरगुरले. दर रविवारी पहाटे हा मित्रांबरोबर घाटात जातो. गेल्या महिन्यात त्यांच्यातल्याच चेतनची गाडी भोरच्या रस्त्यावर उलटली. पोरगा जगला, पण मांडीत सळई घातली आहे. केदार त्याला भेटून आला आणि पुढच्या रविवारी पुन्हा गेला. सुनेला, राजनंदिनीला, पाचवा महिना लागलाय. तो परत येईपर्यंत आम्ही दोघी स्वयंपाकघरात उगीच डबे पुसत बसतो.

मला भीती वाटते दादा, सरळ सांगते. जिन्यात पाऊल वाजेपर्यंत मला चहा जात नाही.

आता विचारायचं ते विचारते. या गाडीला म्हणे साधं पेट्रोल चालत नाही, शंभर ऑक्टेनचं लागतं. साधं असतं एक्क्याण्णवचं. मी बँकेत जन्म काढला, त्यामुळे शंभर हे एक्क्याण्णवपेक्षा जास्त एवढं मला कळतं. त्या जास्तीमुळेच ती गाडी अशी उधळते का? तू तीस वर्षं इंजिनं तपासलीस, तूच सांग.

वहिनीला नमस्कार. लोभ आहे तेवढा पुरे, फक्त उत्तर लवकर पाठव.

तुझी,
मालू

*

वाई
१९ नोव्हेंबर २०२२

चि. मालूस,
अ. उ. आ.

पत्र पावलं. यंत्र दुरुस्त होऊन आलं आहे आणि आता दोन्ही कानांत सारखीच शिट्टी वाजते. इंजिनं ऐकून ऐकून मी कान घालवले, त्यामुळे तक्रार करायला तोंड नाही. वहिनीचा गुडघा म्हणतो की मालू दिवाळीला आली नाही.

तुझ्या हिशोबात एक चूक आहे. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे, सोशिकपणा. पिस्टन वर येतो तेव्हा पेट्रोल आणि हवा दाबली जाते, आणि दाबली की तापते. नंतर ठिणगी पडून ती पेटावी अशी व्यवस्था असते. हलकं पेट्रोल फार दाब पडला तर नको तेव्हा आपणहून भडकतं आणि पिस्टनवर हातोडीचा घाव बसतो. याला आम्ही नॉकिंग म्हणायचो. टर्बोच्या इंजिनात हवा कोंबून भरलेली असते, तिथे जास्त दाब सोसणारं पेट्रोल लागतं. माझ्या स्कूटरमध्ये शंभरचं ओतलं तरी ती स्कूटरच राहणार.

आणि घाबरू नकोस. हल्लीच्या गाड्यांच्या इंजिनाला एक सेन्सर असतो. त्याला नॉकिंग ऐकू आलं की गाडीतला संगणक ठिणगी जरा उशिरा पाडतो. गाडीचा जोर थोडा कमी होतो, ती मवाळ चालते, बिघडत काही नाही. म्हणजे एखाद्या वेळी साधं पेट्रोल भरलं गेलं तरी आकाश कोसळत नाही. त्या सेन्सरचे कान माझ्यापेक्षा कितीतरी बरे आहेत.

मुलांचा वेग पेट्रोलने वाढत नाही, वयाने वाढतो आणि वयानेच उतरतो. बाळ आलं की केदारही ताळ्यावर येईल. राजनंदिनीला जप. आशीर्वाद आहेतच, कुरबुरीही इकडेच पाठवत जा.

तुझा,
दादा

*

नारायण पेठ, पुणे
८ डिसेंबर २०२२

ति. दादास,
मालूचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी किती वेळा वाचलं ते विचारू नकोस. मोठा आधार वाटला. आता मी काय केलं ते सांगते, आणि हे तुझ्या-माझ्यात ठेव.

परवा शनिवारी केदार आणि राजनंदिनी पाचगणीला निघाली आहेत, दोन दिवसांसाठी. जाताना तुझ्याकडे थांबतील. तिच्या हाती डिंकाचे लाडू देते आहे. तुला आपल्या घरची रीत ठाऊक आहे, कुणी बाहेरगावी निघालं की गाडीची टाकी मी भरून आणते. हे होते तेव्हापासूनची रीत आहे. केदारच्या दिवसभर मीटिंगा, त्याने काल किल्ली माझ्या हातात दिली आणि शंभरचंच भर असं दोनदा बजावलं. मी हो म्हटलं. पंपावर गेले आणि तिथल्या बाईला सांगितलं की साधं भर, काठोकाठ. तिनेही विचारलं, ताई, ही गाडी नेहमी भारीचं घेते ना? मी म्हटलं, आज साधंच.

तूच लिहिलंस ना की गाडी मवाळ चालते. घाटात, पोटुशी बायको शेजारी असताना, गाडी मवाळच चालली पाहिजे. त्याला कळणारही नाही आणि मला दोन दिवस झोप लागेल. शंभरचंच आहे असं घरी सांगितलं. खोटं बोलले, पण देवालाही आई असेलच.

बाकी ठीक. एक सांगायचं राहिलं. दिवाळीनंतर केदारने ती गाडी पिरंगुटजवळ कुणा विक्रमकडे टाकली होती. त्याने तिच्या संगणकातलं सगळं बदललं, टर्बोचा दाब वाढवला आणि तो तुझा सेन्सर सारखा मध्ये मध्ये करतो म्हणून त्याचं तोंड बंद केलं म्हणे. हे पोरांचे खेळ, मला काही कळलं नाही. तुला गंमत वाटेल म्हणून लिहिलं.

लाडू मोजून खा. माया कमी करू नकोस, साखर कर.

तुझी,
मालू

*

वाई
११ डिसेंबर २०२२

चि. मालूस,
अ. उ. आ.

दोघं जिवंत आहेत, धड आहेत. हे तुला फोनवर कळलं आहेच, तरी आधी तेच लिहितो.

काल सकाळी मुलं आली. पोहे झाले, लाडू झाले. निघताना केदारने गाडी सुरू करून पुढचं झाकण उघडलं आणि मला हाताने खूण केली. त्याचं म्हणणं होतं की खंबाटकी चढताना आवाज थोडा वेगळा वाटला, मामा, तुम्ही जरा ऐका. मी वाकलो. माझ्या कानात नुसती शिट्टी होती. तीस वर्षं जो आवाज ओळखण्याची मी भाकरी खाल्ली, तो समोर असला तरी मला ऐकू येणार नव्हता, हे तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सून समोर उभी, भाचा आशेने बघतोय. मी झाकणावर हात ठेवला आणि मान डोलावली. छान आहे म्हणालो. मुलं पसरणीच्या घाटाकडे गेली.

बाराच्या टपालाने तुझं पत्र आलं. शेवटच्या परिच्छेदाला आलो आणि चष्मा पुसून तो पुन्हा वाचला. अगं, त्या सेन्सरच्या भरवशावर मी तुला धीर दिला होता. तो बंद, दाब वाढवलेला, आणि टाकीत साधं पेट्रोल. चढावर त्या इंजिनाचं काय होणार हे मला पिस्टनच्या तुकड्यांसकट दिसलं. वहिनीने केदारला फोन लावला, लागला नाही. राजनंदिनीचाही नाही. शेजारचे बापूराव जेवत होते, त्यांना खरकट्या हातानेच उठवून त्यांच्या जीपमध्ये बसवलं.

मालू, तो घाट मी आयुष्यभर चढलो आहे, पण काल प्रत्येक वळणावर मी रस्त्याकडे बघत नव्हतो. कठड्याच्या पलीकडे, खाली, निळं काही दिसतं का ते बघत होतो.

गाडी एका वळणावर आडवी उभी होती, मागच्या चाकाखाली दगड. राजनंदिनी कठड्याशी बसली होती, दोन्ही हात पोटावर. तिने मला सांगितलं, आणि माझ्या कानाशी मोठ्याने सांगावं लागलं, की पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज तिला येत होता. तिने केदारला थांब म्हटलं. केदार म्हणाला, मामांनी तपासलीय. पुढच्या चढाला मोठा आवाज होऊन धूर आला आणि इंजिन बंद पडलं. इंजिन बंद पडलं की ब्रेकचा जोर जातो, एकदोनदा दाबला की पायाखाली दगड होतो. गाडी मागे घसरायला लागली. मागे बस होती. तिचा ड्रायव्हर भला माणूस, त्याने अंतर ठेवलं होतं. केदारने हँडब्रेक ओढला आणि त्याने गाडी धरली.

मला ऐकू येत नाही, मी खोटी मान डोलावली, हे मी केदारला तिथेच रस्त्यावर सांगितलं. तुझं काही सांगितलं नाही. ते माझं सांगायचं नाही, तुझं आहे. सांग. उशीर करू नकोस.

तुझ्यावर रागावलो नाही, स्वतःवर रागावून उरेल तेव्हा बघू. प्रेम आहे तिथेच आहे.

तुझा,
दादा

*

नारायण पेठ, पुणे
१८ डिसेंबर २०२२

ति. मामांस,
केदारचा सा. न. वि. वि.

मामा, टाइप करून प्रिंट काढलंय, माझं अक्षर तुम्हाला माहितीये. आधी एक. तुम्ही घाटात जे बोललात त्याचा मला अजिबात राग नाही. उलट तुम्ही लगेच सांगितलंत, त्यामुळे विषय तिथेच संपला. राजनंदिनीची सोनोग्राफी झाली, बाळ ओके आहे. ती रात्री दचकून उठते, पण डॉक्टर म्हणतात कमी होईल.

इंजिन विक्रमने उघडलं. दोन पिस्टन फुटलेत. टाकीतलं पेट्रोल टेस्ट केलं तर ते चक्क साधं निघालं. आईने शंभरचंच सांगितलं होतं, म्हणजे पंपावरच्या बाईने घोळ केला. मी सॉलिड कंप्लेंट टाकली. सोजरबाई म्हणून कुणी आहे, बीडकडची, तिला त्यांनी कामावरून काढलंय. मला तेवढ्याने समाधान नाही. माझी बायको आणि बाळ मेलं असतं मामा. मी पोलिसांत जाणार आहे.

आईचं काहीतरी बिघडलंय. जेवत नाही. मी पंपाचा विषय काढला की उठून देवापाशी जाऊन बसते. मला वाटतं तिला अजून धक्का आहे. तुमचं ती ऐकते, तिला एक पत्र टाका ना.

मामींना नमस्कार. मी तुमचा लाडका आहे असं आई म्हणते, ते तसंच राहू दे.

तुमचा,
केदार

*

नारायण पेठ, पुणे
२४ डिसेंबर २०२२

ति. दादास,
मालूचा शि. सा. न. वि. वि.

सांगितलं.

इतके दिवस धीर झाला नाही. रोज सकाळी उठायची, आज सांगू म्हणायची आणि केदार समोर आला की दुधाचं काहीतरी विचारायची. मला आधी तो मरेल याची भीती होती, मग तो मला टाकेल याची लागली. दुसरी जास्त होती, हे लिहायला लाज वाटते. माझ्यामुळे एका बाईचं काम गेलं तरी मी गप्प होते. तो पोलिसांत जायला बूट घालत होता, तेव्हा मी दारात आडवी उभी राहिले आणि सगळं बोलले.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. खाली बसला आणि बराच वेळ बुटाची नाडी धरून राहिला. मग विचारलं की मी हे का केलं. मी म्हटलं, भीतीने. त्याने मान हलवली. राजनंदिनी आतल्या खोलीत गेली आणि तिने दार हळूच लावून घेतलं.

त्याच दिवशी आम्ही दोघं पंपावर गेलो. मी मॅनेजरसमोर सगळं कबूल केलं आणि तक्रार मागे घेतली. सोजरबाईंना परत घेतलंय. मी हात जोडले, तर त्या म्हणाल्या, ताई, मी तुम्हाला इचारलं व्हतं. मला वर बघवलं नाही.

घाटात जाणं केदारने बंद केलंय. गाडी विकायची म्हणतो. मला जे हवं होतं ते सगळं झालं, दादा. तो माझ्याशी नीट बोलतो, औषधं आणून देतो, वेळेवर घरी येतो. जिन्यात त्याचं पाऊल आता सावकाश वाजतं.

काल त्याला ताप भरला होता. मी कपाळावर हात ठेवला, गरम पाणी आणलं आणि तापाची गोळी काढून त्याच्या तळहातावर ठेवली, लहानपणापासून ठेवते तशी. त्याने ती लगेच तोंडात टाकली नाही. माझ्या दुसऱ्या हातातलं पाकीट घेतलं, उलटलं, दिव्याशी धरून नाव वाचलं. मगच गोळी घेतली.

वहिनीला नमस्कार. तुझा लोभ असू दे, सध्या मला तेवढाच आहे.

तुझी,
मालू