पाहणाऱ्याचं नाव

॥ श्री ॥

हॅम्बर्ग,
२ फेब्रुवारी २०२५

ती. प्रतापकाका व ती. सौ. नीलांबरीकाकू यांना वल्लरीचे सा. न. वि. वि.

तुम्ही दोघं सुखरूप झिंडेलफिंगेनला पोचलात आणि करणदादाच्या तिसऱ्या मजल्यावर स्थिरावलात, हे दादाकडूनच कळलं. काका, तुम्ही नेहमीप्रमाणे फोनवर ‘ठीक, ठीक’ म्हणून ठेवून दिलात. तीन महिने एकाच देशात असणार आहोत, तरी होस्टेलच्या दिवसांसारखी पत्रंच लिहायची ही तुमची अट. दादा म्हणतो, बाबा चुकून तासगावात जन्मले. इथे सरकारपासून वीज कंपनीपर्यंत सगळे पत्रानेच बोलतात.

काकू, जिने जपून चढ. इथे लिफ्ट नसलेल्या घराला लोक ‘व्यायाम होतो’ म्हणतात.

आता कामाचं. माझी नोकरी काय आहे असं तुम्ही तीनदा विचारलंत, म्हणून नीट सांगते. अमेरिकन फुटबॉलमध्ये कॉलेजची मुलं व्यावसायिक संघ एप्रिलमध्ये निवडून घेतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. आमचं छोटं ऑफिस अशाच एका संघासाठी त्या मुलांचे सामने बघून अहवाल लिहितं. यंदा माझ्याकडे सहा ‘डिफेन्सिव्ह एंड’ आलेत. बचावाच्या रांगेच्या टोकाला उभा राहतो तो एंड. चेंडू फेकणाऱ्यावर झडप घालायची आणि बगलेतून कुणाला निसटू द्यायचं नाही, हे त्याचं काम. म्हणजे तुमच्या कबड्डीतला कोपरारक्षकच.

माझा प्रोबेत्साइट, म्हणजे उमेदवारीचा काळ, तीस एप्रिलला संपतो. या सहा अहवालांवर मला ठेवायचं की नाही ते ठरणार. मागचा अहवाल आमच्या ल्यूडर्स साहेबांनी परत पाठवला. आकडे यंत्र देतंच, तू काय पाहिलंस ते कुठे आहे, असं म्हणाले. काका, खरं सांगते, मला आकडे दिसतात, माणूस दिसत नाही. तुमची नजर मला उसनी द्या. सोबत पेन ड्राइव्ह आहे, टीव्हीला लावायला दादाच्या अन्वीला सांगा. साहेबांची परवानगी घेतलीय. अट एकच: प्रत्येक निरीक्षणापुढे ‘गेझेहेन फॉन’ असा रकाना असतो, ‘कोणी पाहिलं’ असा. तिथे तुमचं नाव लिहीन.

लोभ आहेच, इथल्या थंडीत तो गोठू देऊ नये.

तुमची,
वल्लरी


॥ श्री ॥

झिंडेलफिंगेन,
१३ फेब्रुवारी २०२५

चि. वल्लरीस अनेक उत्तम आशीर्वाद.

अक्षर काकूचं आहे, मजकूर माझा. पकडीत मोडलेलं बोट इथल्या थंडीत आखडतं.

तुझा तो ड्राफ्ट म्हणजे दाखवण्याचा कार्यक्रमच की गं! पोराची उंची मोजा, वजन मोजा, हाताची लांबीसुद्धा मोजा. पत्रिका तेवढी राहिली. यंत्राने सत्तेचाळीस नंबरच्या पोराला पहिला लावलाय, आणि तू मान डोलावून मोकळी. अगं, चढाईपटूच्या तोंडाकडे बघणारा कोपरा फसतो आणि पायांकडे बघणारा टिकतो, हे तुला परकरात असल्यापासून सांगतोय.

एक्याण्णव नंबरचा पोरगा बघ. आकड्यांत कुठेच नाही. पण समोरच्याने हूल दिली तर हा जागचा हलत नाही. चार वेळा पकड दुसऱ्याच्या नावावर लागली, आणि चारही वेळा रस्ता याने अडवला होता. असा कोपरा संघ तारतो.

सत्तेचाळीस खेळताना वाघ आहे. पण बाकावरून उठताना उजव्या मांडीवर हात टेकतो. मध्यंतराला पायऱ्या चढताना दर वेळी डावा पाय आधी, मग उजवा त्याच पायरीवर आणून ठेवायचा. उतरताना उजवा आधी आणि हात कठड्याला. चढताना चांगला पाय, उतरताना दुखरा. त्याचा उजवा गुडघा दुखतोय, आणि पोर कुणाला सांगत नाहीये. घरापासून लांब आहे, बिचाऱ्याला निर्गुडीचं तेल चोळून द्यायलाही कुणी नसेल.

अन्वी मराठीत विचारलं की जर्मनमध्ये उत्तर देते, पण लाडू मात्र मराठीत मागते. तू जेवतेस ना वेळेवर?

तब्येतीला जप, आणि म्हाताऱ्याचं ऐकत जा.

तुझे,
प्रतापकाका


॥ श्री ॥

हॅम्बर्ग,
२४ फेब्रुवारी २०२५

ती. काका व ती. सौ. काकूंना सा. न. वि. वि.

काका, तुमचं पत्र फेरीबोटीत वाचलं आणि उतरायचा धक्काच चुकले. ऑफिसात जाऊन सत्तेचाळीसचे सगळे सामने पुन्हा लावले, या वेळी खेळ सोडून फक्त पायऱ्या आणि बाक बघितले. अगदी तुम्ही म्हणता तस्संच! आम्ही सगळे ती फीत तिथे पुढे ढकलतो.

पण त्यामुळे आता घोळ झालाय. एवढ्या मोठ्या खेळाडूबद्दल असं लिहायचं, तर पाहणारा उत्तर द्यायला हजर हवा, असं साहेब म्हणतात. चुकीचं निघालं तर एका मुलाचं नाव फुकट खराब होईल, आणि माझी नोकरी गेलीच म्हणून समजा. वीस मार्चला दुपारी दोन वाजता त्यांना तुमच्याशी व्हिडिओवर बोलायचंय. ते फीत लावतील, आणि तुम्ही कुठे काय पाहिलंत ते दाखवायचं. दुभाषी मी आहेच.

आणि काका, तुम्ही कधीपासून निर्गुडीच्या तेलाची काळजी करायला लागलात? शिबिरात आम्ही ‘पाय दुखतो’ म्हटलं की आणखी दोन फेऱ्या मारायला लावायचात.

माया वाढत असावी, मोजायला यंत्र लावणार नाही.

तुमची,
वल्लरी


झिंडेलफिंगेन,
३ मार्च २०२५

चि. वल्लरीस काकूचे आशीर्वाद.

हे पत्र ह्यांना न सांगता लिहितेय. हे खाली फिरायला गेलेत, करण बरोबर आहे.

वल्लरी, ह्यांना दिसत नाही गं. दोन्ही डोळ्यांत मधोमध काळा डाग आलाय, कडेकडेचं तेवढं दिसतं. दिवाळीपासून आहे. डॉक्टरकडे चला म्हटलं की अंगावर येतात. करणलाही ठाऊक नाही. बोटाची थाप आहे, बोट ठणठणीत आहे. सगळी जिंदगी ‘प्रताप सरांची नजर’ म्हणून गावाने नाव घेतलं, ती गेली हे कुठल्या तोंडाने सांगायचं, म्हणतात.

तुझ्या फिती मी बघते. हे शेजारी बसून विचारतात, पाय कुठे आहे, कंबर किती वाकली, आधी कोण हललं. मी सांगते आणि हे पारखतात. एक्याण्णवचं सगळं ह्यांचंच आहे.

गुडघ्याचं मात्र ह्यांनी विचारलं नव्हतं, ते मला आपोआप दिसलं. मी या घराचे जिने रोज तसेच चढते. आणि मला बघायला आले तेव्हा सासूबाईंनी ‘चालून दाखव’ म्हटलं होतं. खोलीत दोन येरझाऱ्या घातल्या मी, आणि सगळे माझ्या टाचांकडे बघत होते. तेव्हापासून माणूस दिसलं की माझं लक्ष आधी पायांकडे जातं. ह्यांना सांगितलं तर दोन दिवस ‘काहीतरीच’ म्हणत राहिले. तिसऱ्या दिवशी आपणहून म्हणाले, लिही, पण माझ्या नावाने लिही, तुझ्या नावाने कोण ऐकणार?

आता तो साहेब फीत लावणार म्हणतोय. ह्यांची फजिती मला बघवणार नाही, आणि तुझी नोकरी माझ्यापायी जायला नको. माझं वाक्य खोडून टाक. मी काय, पोहे करणारी बाई.

तुझी,
काकू


हॅम्बर्ग,
७ मार्च २०२५

ती. सौ. नीलांबरीकाकूस सा. न. वि. वि.

पाकिटावर फक्त तुझंच नाव घातलंय, बघितलंस ना? असं पत्र तुला आजवर कुणी पाठवलं नसेल, माझ्यासकट. लाज वाटली मला.

वाचून खूप रडले, मग काकांचा रागही आला, मग परत रडू आलं. आपल्या काकांना दिसत नाही आणि मी त्यांना टीव्ही बघायला बसवलं!

काकू, वाक्य खोडणार नाही, कारण ते खरं आहे. आणि त्यापुढे काकांचं नाव ठेवणार नाही, कारण ते खोटं आहे. तो रकाना ‘कोणी ओळखलं’ असा नाही, ‘कोणी पाहिलं’ असा आहे. वीस तारखेला तू बोल. मला भीती वाटतेय, नाही असं नाही. पण दुसऱ्याने पाहिलेलं तिसऱ्याच्या नावावर लिहून टिकवलेली नोकरी मला नको.

काकांना तूच सांग. मी सांगितलं तर ते चिडतील, तू सांगितलंस तर गप्प बसतील. आणि करणदादाला आजच्या आज सांग.

तू नाही म्हणालीस तरी माझा लोभ तसाच राहील, पण नाही म्हणू नकोस.

तुझी,
वल्लरी


झिंडेलफिंगेन,
२२ मार्च २०२५

चि. वल्लरीस आशीर्वाद.

आज अक्षर माझं आहे. ओळी एकमेकींवर चढल्या असतील, समजून घे.

हिने तुला लिहिल्याचं मला सांगितलं. आपण पकडलो गेलो की पंचाशी वाद घालायचा नाही, बाहेर जाऊन बसायचं, हे मीच पोरांना शिकवलं. म्हणून वीस तारखेला बाहेर बसलो, सोफ्याच्या कडेला.

तू पलीकडून बघत होतीस, पण इकडचं सांगतो. साहेबाने पहिला प्रश्न विचारला तेव्हा ही पदराशी चाळा करत होती, बांगड्यांवरून कळलं. दुसऱ्याला उठून उभी राहिली. अन्वीला स्टूल आणायला लावलं, त्यावर बसली, आणि आळशी माणूस कसा उठतो, दमलेला कसा उठतो आणि गुडघा दुखणारा कसा उठतो, ते तिन्ही उठून दाखवलं. मला दिसलं नाही, पण स्टूल तीनदा वेगवेगळं वाजलं. अन्वी शेजारून ‘गेनाऊ, गेनाऊ’, म्हणजे अगदी बरोबर, असं करत होती. मग साहेबाने काहीतरी म्हटलं आणि तू हसत सांगितलंस की त्यांना चालूनही बघायचंय. ही चालली. या वेळी बघणारे शिकायला बसले होते.

वल्ले, चौऱ्याण्णव सालच्या शिबिरात चारुदत्त नावाचा पोरगा होता. पोहे वाढताना ही मला म्हणाली होती, तो मुलगा उठताना कण्हतो. मी म्हणालो, तू पोह्यांकडे बघ. तिसऱ्या सामन्यात त्याचा गुडघा गेला तो गेलाच, परत मैदानावर आला नाही. एवढं होऊनही यंदा पुन्हा मी हिचं पाहिलेलं माझ्या नावावर खपवलं. माझं चुकलं. तुला लिहितोय, पण आधी तिला सांगितलंय.

करणने सांगलीच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. जाणार आहे.

तुझा आंधळा कोपरा,
प्रतापकाका


हॅम्बर्ग,
२५ एप्रिल २०२५

ती. सौ. काकू व ती. काका, सा. न. वि. वि.

तुम्ही निघायच्या आत मिळावं म्हणून धावत टपालात टाकतेय.

मला ठेवलं! साहेबांनी काल कायमचं पत्र दिलं. संघाच्या डॉक्टरांनी सत्तेचाळीसचा गुडघा तपासला, आतली गादी फाटलेली निघाली. निवड होणार नाही या भीतीने तो वर्षभर लपवत होता. तपासणी झाल्यावर तो मोठ्याने रडला म्हणे, आणि सुटल्यासारखं वाटतंय असं म्हणाला. काका, वाचताय ना? म्हणजे, ऐकताय ना? आता त्याच्यावर उपचार होतील. एक्याण्णवला आमचा संघ घेणार असं साहेब म्हणतात, आज-उद्या कळेल.

सोबत अहवालाची प्रत आहे. शेवटचा रकाना बघा.

विमानातून उतरल्यावरही लोभ असाच चालू ठेवावा.

तुमची,
वल्लरी


झिंडेलफिंगेन,
२८ एप्रिल २०२५

चि. वल्लरीस अनेक आशीर्वाद.

सामान बांधून झालंय, करण टॅक्सी बघतोय, तेवढ्यात हे चार शब्द. एक्याण्णवला घेतल्याचा तुझा निरोप काल पोचला. हे घरभर ऐटीत फिरले आणि दाराला थडकले. आता थडकले की दार कुठे आहे ते विचारतात, पूर्वी दारालाच शिव्या द्यायचे.

तुझा कागद सकाळी आला. ह्यांनी विचारलं, रकान्यात काय लिहिलंय? मी वाचलं, ‘गेझेहेन फॉन: नीलांबरी’. थोड्या वेळाने म्हणाले, नीट ऐकू आलं नाही. परत वाचलं. चहा झाल्यावर पुन्हा कागद माझ्या हातात दिला. मी म्हटलं, अहो, आता पाठ झालं असेल तुम्हाला. तर म्हणाले, “मला दिसत नाही, तू वाच.”

चार वेळा वाचून झालंय. विमानात आणखी वाचावं लागणार, म्हणून कागद पर्समध्ये वरच ठेवलाय.

आमची आठवण आली तर पत्र दोघांच्या नावाने टाक.

तुझी काकू,
नीलांबरी