भाताच्या टोपलीचं झाकण

नाही, लांपांगला मी गेले नाही आणि जाणारही नाही. कशाला? तुमचं गाव मी इथे अमेरिकेत, नोव्हायच्या तुमच्या थाई रेस्टॉरंटमध्ये भांडी घासता घासता सगळं ऐकलंय, पा. बाकीचे मावशी म्हणावं तसं तुम्हाला पा म्हणायचे, म्हणून मीही. रस्त्यात घोडागाड्या, कोंबडा रंगवलेले वाडगे, आणि ब्रह्मदेशातून आलेल्या लाकूडवाल्यांनी बांधलेली देवळं. सागाची झाडं तोडली की आतली भुतं कोपतात, म्हणून देवळं. मी म्हटलं, "आधी तोडायचं, मग देऊळ बांधायचं. आमच्याकडेही आहेत असले लोक." तेव्हा तुम्ही हसलात. एकदाच.

एरवी तुमची जीभ म्हणजे विळी. ब्याऐंशीच्या मंदीत माझा नवरा गाड्यांच्या कंपनीतून ले-ऑफ झाला, तर सगळ्या वेट्रेसांसमोर म्हणालात, "हिचा नवरा सोफ्यावर झोपतो आणि ही माझी भांडी घासते. माझा बघा, मी सांगेन तिथे जातो." मी आठवी नापास, मला इंग्लिश कळत नाही असं तुम्हाला वाटायचं. तेवढं कळत होतं.

चिकट भाताची ती बांबूची टोपली. जेवण झालं की झाकण लावायचंच, नाहीतर घरातल्या नवराबायकोची ताटातूट होते, हे तुम्ही मला शंभरदा ओरडून सांगितलेलं. तुमचा नवरा वाडगे आणायला गावी निघाला. तो एअरपोर्टला गेल्यावर मी टोपली उघडली, झाकण शेल्फवर ठेवलं, हात पुसले आणि घरी गेले.

तो परत आला नाही. पत्र आलं, तिथेच दुसरीबरोबर राहतोय म्हणून. तुम्ही मिरच्या कुटता कुटता थांबता आणि मला विचारता, "त्या दिवशी शेवटी मीच जेवले. झाकण मीच विसरले ना?"

"हो," मी म्हणते. "तुम्हीच विसरलात."

त्यानंतर तुम्ही कुणावर ओरडला नाहीत. मरायच्या आधी तुमचा स्वतःचा कोंबड्याचा वाडगा मला दिलात. म्हणालात, "तू तोंडावर खरं बोलतेस."

मी त्यात आमटी खाते. झाकणाने नवरे जात नाहीत, मी असलं काही मानत नाही. पण तुम्ही मानत होता, आणि ते मला माहीत होतं. देऊळबिऊळ मी बांधणार नाही. तुम्हाला पत्र पाठवायला आता पत्ताही नाही. बास. याच्यापुढे मी एक शब्द सांगणार नाही.