पायाला पाय लागला की

१४ ऑक्टोबर, सोमवार

त्सेलमेग आज सतरा सेकंद दातांवर राहिली. दातांत खुंटावर बसवलेली चामड्याची पट्टी, बाकी सगळं अंग हवेत, पावलं डोक्यावरून पुढे कानांपाशी. सतरा! बारा वर्षांची पोर. सहाव्या वर्षी आली तेव्हा नाक गळत होतं आणि बुटांत दोन रंगांचे मोजे होते.

मी म्हणाले, "जबडा सैल आहे." तिने मान हलवली. कौतुक केलं की अंग सैल पडतं. मला तरी कुठे कुणी केलं होतं?

२० ऑक्टोबर, रविवार

बँकेतल्या तिघी आल्या होत्या. लवचिक व्हायचंय म्हणे. सर्कशीत एकोणीस देश फिरले, त्याचं फळ हे — रविवारी जाड्या बायकांच्या पाठी दाबायच्या. एक म्हणाली, "बाई, माझी कंबर वाजते हो." म्हटलं, "वाजू दे. घरात कुणीतरी बोलतंय तुमच्याशी."

हसल्या. मी विनोद केला नव्हता.

२६ ऑक्टोबर, शनिवार

त्सेलमेग मुलींच्या मनोऱ्यावरून घसरली. लागलं नाही. म्हणते, "खालची हलली, बाई." म्हटलं, "नाचता येईना अंगण वाकडं. पुन्हा चढ."

उतरताना तिचा पाय खालच्या मुलीच्या पावलावर पडला आणि दोघींनी लगेच हात हातात घेतले. मी ओरडले. बसमध्ये अनोळखी माणसाच्या पायाला पाय लागला तरी हात द्यायचा, नाहीतर वैर जडतं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. बाहेर खुशाल द्या. पण माझ्या हॉलमध्ये बंदी आहे, पहिल्या दिवसापासून. इथे दिवसभर पायाला पाय लागणार. हात देत बसलात तर कमान कधी टाकणार?

३ नोव्हेंबर, रविवार

त्सेलमेगची आई ओयुन आली. बाजारात बूट विकते, तशीच दुकानातून आलेली. दोन्ही हातांवर निळं रेशीम आडवं धरलेलं. बघूनच कळलं. एवढा मान कुणी उगीच देत नाही, काहीतरी न्यायलाच आलेलं असतं.

"बाई, रागावू नका. चिमगी बाईंनी बोलावलंय तिला. त्यांचा संच वसंतात बाहेरदेशी जाणार. तुमची परवानगी असल्याशिवाय घेणार नाही म्हणाल्या."

चिमगी! सहा वर्षं पोरीची पाठ मी वाकवली, आता आयत्या बिळावर नागोबा.

"तुमच्याबद्दल फार चांगलं बोलतात हो त्या."

"बोलणारच. अपराधी माणूस गोडच बोलतो."

मग तिला सांगितलं, जे सगळ्या शहराला ठाऊक आहे. बल्गेरियाचा दौरा, शहाऐंशी साल. मी एकवीस, चिमगी वीस. आत जायच्या आधी पडद्यामागे तिने माझ्या पायावर पाय दिला आणि हात न देता पुढे गेली. दहा मिनिटांनी ती खाली कमान, मी तिच्यावर हातांवर उभी — आणि कमान हलली. मी पडले, मणका गेला. ती पुढे अठरा वर्षं टाळ्या घेत राहिली, मी गोळ्या. अडतीस वर्षांत एकदाही बोललो नाही.

ओयुनने रेशीम खाली घेतलं नाही. मग हळूच म्हणाली, "पण बाई, पोरीने काय केलंय?"

रेशीम घेतलं, म्हणजे परवानगी दिली. न घेऊन कसं चालेल?

४ नोव्हेंबर

आपल्या रोजच्या खाऱ्या चहात मीठ जास्त पडलं. तसाच प्यायले.

९ नोव्हेंबर, शनिवार

शेवटचा दिवस. त्सेलमेगला एकोणीस सेकंद झाले. पट्टी तिचीच, तिच्या दातांचे ठसे बसलेत तिच्यावर, दुसऱ्या कुणाच्या उपयोगाची नाही. म्हटलं घेऊन जा. बाहेर माझ्या नावाने फार रडू नकोस, जबडा आखडतो.

सतरंजी गुंडाळताना माझी टाच तिच्या बोटांवर पडली. चांगलीच. तिने तोंडातून आवाज काढला नाही, मीच शिकवलंय. फक्त हात पुढे केला. बंदी विसरली असेल, किंवा आता तिला लागू नाही असं वाटलं असेल.

मी सतरंजीची गाठ बांधत राहिले. बांधून झाली होती तरी. तिने हात मागे घेतला, टोपी घातली आणि गेली. ओयुनने दारात दूध आणलं होतं. निघणाऱ्याची वाट सुखाची व्हावी म्हणून शिंपडतात तसे मुलीच्या वाटेवर चार थेंब मी शिंपडायला हवे होते. कंबर धरली म्हणून सांगितलं. खोटं.

१६ नोव्हेंबर

सात मुली. सातही लाकडं.

१ डिसेंबर, रविवार

त्सेलमेग आली होती. गालावर थंडीचे डाग, अंगात चिमगीच्या संचाचं नवं जाकीट. राग आला, पण चहा दिला. सुक्या दह्याचा खडा दिला, तो लहानपणीसारखा गालात धरून बोलत राहिली.

तिकडे उलटा नियम आहे म्हणे. सराव संपला की सगळ्यांनी सगळ्यांना हात द्यायचा, दिवसभरात कुणाला पाय लागला असेल-नसेल. दिल्याशिवाय घरी सोडत नाहीत.

"चिमगी बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, तुझ्या बाईंनी निघताना हात दिला का? मी खरं सांगितलं. मग त्यांनी माझा हात धरला, बाई. किती वेळ सोडलाच नाही. म्हणाल्या, हा तुझा नाही, तिचा आहे. नेऊन दे. एकदा मी तिच्यापुढे केला होता, तेव्हा तिला घाई होती."

आणि पोरीने उजवा हात पुढे केला. बाही खाली ओढून, नीट, मोठ्या माणसापुढे करतात तसा.

म्हटलं, चहा निवतोय, पी. तिने डाव्या हाताने वाटी उचलली. उजवा तसाच ठेवला. वाटी रिकामी करून ठेवली तरी खाली घेतला नाही. एकोणीस सेकंद केव्हाच उलटून गेले होते.

घेतला. गार होता.

२ डिसेंबर, सोमवार

शहाऐंशी साली पाय माझा होता. चिमगीच्या पायावर. आणि कमान हलली नव्हती.