गाढवाचा नांगर

मुरबाड तालुका,
कार्तिक वद्य पंचमी, शके १८६०

प्रिय चंद्रकला,

तुझं पत्र मास्तरांनी आणून दिलं. तुझी आई पदराने डोळे पुसत हसली आणि मी मात्र ओटीवर जाऊन बसलो. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, त्यात विचारायचं काय गो? पण तू येशील, तुला कळा लागतील, आणि तेव्हा या घराचा उंबरा ओलांडायला कोण येईल, हा घोर मला लागला. गावकीने आपल्याला वाळीत टाकलं होतं. तुला कळवलं नाही. दोन जिवांची पोर, उगाच तिच्या मनाला लावू नका, असं आई म्हणाली.

जेठात गुरांवर बुळकांडीची साथ आली आणि आपले दोन्ही बैल गेले. ज्यांचे वाचले ते दुसऱ्याला नांगराला जोत द्यायला तयार नाहीत, आणि त्यांचं तरी काय चुकलं? इकडे राबातली भाताची रोपं पिवळी पडायला लागली. गोठ्यात धडधाकट असे दोनच जीव उरले होते, मामलेदार आणि चिमणी. बेलदारांनी लंगडतं म्हणून टाकून दिलेलं ते गाढवाचं पोर तूच पेज पाजून वाढवलंस. पुढे दारात अशा तोऱ्यात उभं राहायला लागलं, की तू त्याला मामलेदार म्हणालीस. गाढवाला गुळाची चव काय म्हणतात! म्हणणाऱ्यांनी आपला मामलेदार पाहिला नव्हता. तुझ्या आईच्या पदराच्या गाठीतला खडा हुंगून काढायचा, लबाड. आणि ती वीतभर तट्टाणी घोडी चिमणी, तिला त्याच्यावाचून घास जात नसे. तू सासरी गेलीस तेव्हा दोघं वेशीपर्यंत तुझ्या मागे आली होती.

अडला हरी गाढवाचे पाय धरी. मी तर त्याच्या मानेवर जू ठेवलं. आई नको नको म्हणत होती. आपल्या बांधावर गाढव कोरलेला तो जुना दगड आहे ना, त्याच्याकडे बोट दाखवत होती. ज्या भुईवर गाढवाचा नांगर फिरतो ती ओसाड पडते, हे मला काय ठाऊक नव्हतं? पण वर्षभर खायचं काय, ते दगड सांगत नव्हता. दोघांनी पोटाइतक्या चिखलात नांगर ओढला. चिमणी तर बुडायचीच बाकी होती. संध्याकाळी मी दोघांचे पाय तेलाने चोळले. लावणी झाली, आणि पाऊस गेला.

गेला तो अर्धा श्रावण सरेपर्यंत फिरकला नाही. साऱ्या गावाचं भात करपलं आणि सगळी बोटं माझ्याकडे वळली. लडकू गावकार म्हणाला, तुमी गावाची भुई नासवली, ती जनावरं वाघाच्या रानात सोडून या, मग बघू. मी म्हणालो, मेलो तरी सोडणार नाय. मग काय! आई विहिरीवर गेली की बायका घागरी उचलून बाजूला होत. चुलीला विस्तवसुद्धा कुणी देईना. उरलंसुरलं भात मी आणि तुझ्या आईनेच कापलं आणि भारे मामलेदाराने वाहिले. माझा हेका तुला ठाऊक आहे, मी जन्मभर असा राहिलो असतो.

पण तुझं पत्र आलं. मी भिमी सुईणीकडे गेलो. तू आडवी आली होतीस तेव्हा तिनेच तुला आणि तुझ्या आईला वाचवलं, दुसरी कुणी असती तर मी त्याच दिवशी दोघींना गमावलं असतं. भिमी रडली, पण म्हणाली, गावकी नाय म्हनते तर मी नाय येनार.

मग मामलेदार आणि चिमणीला घेऊन माळशेजच्या पायथ्याच्या रानात गेलो. सोडलं आणि मागे न बघता वाटेला लागलो. घरी येतो तर काय, दोघं माझ्या आधी अंगणात हजर! आई हसली आणि मग तिला हुंदका आवरेना. दुसऱ्या दिवशी मी दावी घेऊन गेलो. एकाच झाडाला शेजारी शेजारी बांधलं, पुढ्यात पेंढा टाकला. मामलेदार ओरडला नाही की ओढाताण केली नाही. रोज बांधतो तसंच हे, असं त्याला वाटलं असणार. मी बाप्यामाणूस, पण वाटेत बसून रडलो. नंतर बघायला गेलो नाही. धीर झाला नाही.

आता भिमी येणार आहे. शेजारचा गणू बैल देणार आहे, मी गाडी घेऊन आसनगाव स्टेशनावर उभा राहीन. तू निर्धास्त ये. हे सगळं लिहिलं ते एवढ्यासाठी, की त्या दोघांसाठी रडायचं ते तिकडे सासरी, खर्डीलाच रडून घे. इथे रिकाम्या गोठ्याकडे बघू नकोस, त्यांचं नाव काढू नकोस. तुझ्या उशापायथ्याला याच गावच्या बायका बसणार आहेत, आणि त्या जनावरांसाठी तुझ्या डोळ्यांत पाणी दिसलं तर उठून जातील. कळा सुरू झाल्या की मात्र पोटभर रड, पोरी. तेव्हा कशासाठी रडतेस, ते कुणी विचारणार नाही.

तुझाच,
आबा